मामांनी नापास केलेल्या गाड्या

“ही नगं,” रावसाहेब मामा म्हणाले आणि कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी खिशात घातला.

मिरजेला बँकेतल्या एका साहेबांच्या अंगणात आम्ही उभे होतो. समोर करडी गाडी. दोनशे सीसीची, सहा वर्षांची, पण साहेबांनी ती चालवली कमी आणि पुसली जास्त, हे लांबून दिसत होतं. मी नुकतीच तिच्यावरून दोन किलोमीटर फिरून आले होते. हँडल खाली असलं तरी पाठ भरून येत नव्हती, पाय जमिनीला नीट टेकत होते, ब्रेक दाबला की गाडी मुकाट थांबत होती. इंजिन थंड असताना एका बटणात चालू झालं होतं. शिवाय तिची मागची सीट इतर स्पोर्ट गाड्यांसारखी आभाळाकडे गेलेली नव्हती. माझा कामाचा कॅन तिच्यावर सरळ बसला असता.

“का नको?” मी विचारलं.

मामा गाडीकडे बघत राहिले. मी पुढे होऊन पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

“आतनं आवाज हाय,” ते म्हणाले.

“कसला?”

“हाय एक. तुला न्हाय कळायचा.”

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांची बदली नागपूरला झाली होती आणि गाडी चांगल्या हातात जावी एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी दोनदा सांगितलं की इंजिन आजवर उघडलेलंच नाही, हवं तर तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. आता माझा माणूस म्हणजे मामाच, आणि ते तर फाटकाच्या बाहेर जाऊन पोचले होते. परतीच्या एसटीत मी विट्यापर्यंत एक शब्द बोलले नाही. मामा खिडकीला डोकं टेकून छान झोपले. मी रागानं गप्प आहे हे त्यांना कळलंसुद्धा नाही, याचा राग आणखी वेगळा.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकती लागले होते. अकरा गावं माझ्याकडे होती, त्यातली पाच डोंगरावर. गाय माजावर आली की मला फोन यायचा आणि मग घड्याळ सुरू व्हायचं. थोडक्या तासांत जाऊन कृत्रिम रेतन झालं तर झालं, नाहीतर पुढचे एकवीस दिवस त्या घरानं वाट बघायची. त्यासाठीच्या वीर्याच्या कांड्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये गार ठेवलेल्या असतात. तो कॅन म्हणजे एक धष्टपुष्ट कळशीच, ती मागच्या सीटवर बांधून मी हिंडायची. माझी जुनी स्कूटर घाटाच्या दुसऱ्या वळणावर हटकून बंद पडायची. मग मी एका हातानं कॅन धरून दुसऱ्या हातानं तिला किक मारायची आणि वर शेतकरी गायीपाशी उभा राहून फोनवर फोन करायचा.

डोंगरावरच्या लोकांना आधीच बाईमाणूस डॉक्टरीण म्हणून शंका होती. उन्हाळ्यात तीन ठिकाणी मी उशिरा पोचले. आमच्या खात्यातल्या साहेबांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं की पहिल्या तारखेपर्यंत धड वाहन करा, नाहीतर डोंगरावरची पाच गावं शेजारच्या पर्यवेक्षकाकडे देतो. त्यांचं चुकत नव्हतं. पण ती पाच गावं मी पायी फिरून जोडली होती. तिथल्या बायका आता मला नावानं हाक मारायच्या. ती हातची गेली असती तर जयमाला खरमाटेला खालची सहा सोपी गावं दिली, वरचं तिला झेपलं नाही, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं.

नवी दमदार गाडी माझ्या आवाक्यात नव्हती. जुनी स्पोर्ट गाडी मात्र नव्या स्कूटरच्या किमतीत मिळायची. चढाला ताकद, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, रुंद टायर. आणि खरं सांगायचं तर मला ती आवडायची. माझी उंची पाच फूट आठ इंच. स्कूटरवर बसले की गुडघे हँडलला लागायचे आणि लोक हसायचे.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली. रावसाहेब हो म्हणेल ती गाडी.

या अटीत मला काही वावगं वाटलं नव्हतं. रावसाहेब मामा आईचे थोरले भाऊ. विट्यात त्यांचं गॅरेज पस्तीस वर्षं चाललेलं आणि त्यांचा कान पंचक्रोशीत प्रसिद्ध. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, दांडा कानाला, डोळे मिटायचे आणि आत काय चाललंय ते सांगायचं. इंजिन उघडल्यावर तेच निघायचं. मी आठवीत असताना त्यांनी मला मोटरसायकल शिकवली आणि मागोमाग तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावायला दिला. टॅपेट कसा वाजतो, चेन कशी वाजते, बेअरिंग कसं कण्हतं, सगळं ऐकवलं. डोळ्याला फसवता येतं, कानाला नाही, असं म्हणायचे. त्यामुळे मामा सोबत आहेत म्हणजे काम चार दिवसांचं, असं मी धरून चालले होते.

पहिली गाडी तासगावातल्या एका मास्तरांची, लाल, दीडशे सीसीची. जात्याच हलकी, पेट्रोलला बरी. मामांनी ऐकलं आणि नगं म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, मास्तरचा स्वभाव बरा दिसत न्हाय. दुसरी काळी, दोनशेवीसची, एका पैलवानाची. ती चालवताना मी जवळजवळ टाकीवर झोपलेच होते, त्यामुळे मीच नको म्हणणार होते. पण मामांनी पिस्टन गेलाय असं जाहीर केलं आणि पैलवान आम्हाला सोडायला वेशीपर्यंत आला तो काही प्रेमानं नाही. तिसरी ही मिरजेची करडी.

मामांचा फोनही कधी लागायचा नाही. लागला तर मामी उचलायच्या आणि म्हणायच्या, ते कामात हायेत, काय ते मला सांग. मोठे मेकॅनिक झालेत, भाचीशी बोलायलाही वेळ नाही, असं मी आईला सुनावलं. आई म्हणाली, असेल गं काहीतरी. आईचं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

करडी गाडी आमच्या मागोमाग दोन दिवसांत विकली गेली. घेतली कोणी, तर विट्याच्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं. म्हणजे माझ्या नशिबी आता रोज सकाळी साडेसातला ती बघणं आलं. मी रस्त्याच्या कडेला स्कूटरला किका मारत असायची आणि ती समोरून जायची. मी कान देऊन ऐकायची. आतून कसलाही आवाज येत नव्हता. म्हणजे मला तरी येत नव्हता. आणि खरी गंमत इथंच होती, की मी मामांवर चिडायची आणि घरी येऊन स्वतःवरच शंका घ्यायची. मामा म्हणतात म्हणजे आवाज असणार. आपलाच कान कच्चा.

पहिल्या तारखेला पाच दिवस उरले तेव्हा मी गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. मामा कार्ब्युरेटर साफ करत होते. मी तोंडावर सांगितलं की कराडला इलाहीभाईंकडे एक निळी गाडी आहे, उद्या ती बघायची, आणि उद्या तुम्ही हो म्हणाला नाहीत तर मी तुम्हाला पुन्हा कधी काही विचारणार नाही. बोलताना माझा आवाज फाटला. मामी आतून बाहेर आल्या. मामांनी आधी माझ्याकडे आणि मग मामींकडे पाहिलं.

“जाऊ की उद्या,” ते म्हणाले. “एवढी आग कशापायी?”

इलाही मुल्ला हा मामांचा जुना शागीर्द. विट्याच्या गॅरेजात दहा वर्षं काढून त्यानं कराडला स्वतःचं दुकान टाकलं होतं, जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या. आम्ही पोचलो तेव्हा तो हातातलं काम टाकून आला आणि मामांच्या पायाला हात लावून नमस्कार केला. माणूस पंचेचाळिशीचा, दाढीत पांढरे केस आलेले, पण मामांसमोर अजून अंग चोरूनच उभा राहायचा.

निळी गाडी बाहेर काढलेली होती. अडीचशेची, आठ वर्षांची. मी तिच्याभोवती फिरले. बसायला उंच, पण माझ्या उंचीला चालणारी. मागची सीट दोन भागांत असली तरी रुंद. इलाहीभाई म्हणाला, कॅनसाठी लोखंडी चौकट मी बसवून देतो. टायर नवे, मागच्या चाकाचा चेनसेट नवा.

“इंजिन कसं आहे?” मी विचारलं.

“ते मी कसं सांगू ताई?” तो म्हणाला. “उस्ताद आलेत की. ते ऐकतील, ते सांगतील.”

मामांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांची ही रीत. उस्ताद ऐकायच्या आधी शागिर्दानं दोष सांगायचा नाही. उस्तादानं सांगायचा, शागिर्दानं मान डोलवायची आणि मग कामाला लागायचं. उस्तादांच्या मागंही ती पाळतात आणि समोर तर पाळतातच.

इलाहीभाईनं गाडी चालू केली.

पहिल्या पाच सेकंदांतच मला ऐकू आलं. इंजिनाच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खळखळ. इंजिनाच्या आतली टायमिंग चेन. आठवीत असताना मामांनी मला ओळखायला शिकवलेला हा दुसरा आवाज. त्याला स्क्रूड्रायव्हरची गरज नव्हती. शेजारच्या टपरीवर चहा पिणाऱ्या माणसालाही तो कळला असता. मी इलाहीभाईकडे पाहिलं. तो निवांत उभा होता. दोष लपवलेला नव्हताच, फक्त तो सांगायचा मान त्यानं उस्तादांसाठी ठेवला होता.

झालं, मी मनात म्हटलं. चौथीही गेली. या वेळी निदान कारण तरी खरं असेल.

मामांनी आधी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून काजळी बघितली. ऑइलची काडी काढून बोटांवर चोळली, वास घेतला. धूर बघितला. मग स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं, दांडा कानाला लावला. बराच वेळ. मग दुसऱ्या कानाला. मग कानामागच्या हाडावर इतका दाबला की कातडी पांढरी पडली. डोळे घट्ट मिटलेले. कपाळाला घाम. खळखळ चालूच होती. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बरोबर तिच्या उगमावर होतं.

मामांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

“घे ही,” ते म्हणाले. “इंजान एक नंबर हाय. कुटं खुट्ट न्हाय.”

इलाहीभाईचा हात ॲक्सिलेटरवरच राहिला. त्यानं आधी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उस्ताद चेष्टा करतायत का, हे त्याला माझ्या चेहऱ्यावर शोधायचं होतं. मामा चेष्टा करत नव्हते. ते स्क्रूड्रायव्हर पुसत होते.

तेव्हा मला कळलं. एसटीत माझा राग त्यांना का कळला नाही, फोन मामीच का उचलायच्या, पाठीमागून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर का यायचं नाही. मास्तरांचा स्वभाव, पैलवानाचा पिस्टन, करड्या गाडीतला तो एक आवाज. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून ते प्रत्येक गाडीला नको म्हणत होते. बहिणीच्या पोरीनं घाटात चालवायच्या गाडीला न ऐकता हो म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. काल मी ओरडून त्यांना ती हिंमत करायला लावली होती. मला इतकी लाज वाटली की काय करावं सुचेना.

पण सुचायला वेळही नव्हता. इलाहीभाई तोंड उघडत होता. तो काय बोलला असता मला माहीत नाही. कदाचित गप्पही बसला असता. पण त्या रात्री जेवताना त्यानं घरी सांगितलं असतं, घरच्यांनी कुणाला तरी, आणि आठ दिवसांत विट्याच्या गॅरेजपुढची गिऱ्हाइकं कमी झाली असती. रावसाहेबांचा कान गेला म्हटल्यावर रावसाहेबांचं उरलं काय?

मी मामांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले, माझं तोंड त्यांना दिसेल अशी. आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “मामा, मघाशी तुम्ही मला म्हणालात ना, टायमिंग चेन वाजतेय, ती बदलावी लागेल? तेवढं सोडून बाकी इंजिन एक नंबर, असंच ना?”

मामांची नजर माझ्या ओठांवर होती. ती तिथं दोन क्षण थांबली आणि मग डोळ्यांकडे आली. असं त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

“व्हय,” ते म्हणाले. “चेन बदलायचीच. ते सांगायला कशाला पायजे? लांबनं वाजतिया.”

इलाहीभाईनं गाडी बंद केली. “तेच म्हटलं मी, उस्ताद,” तो म्हणाला. “चेन ताणून धरणारा टेन्शनर पण टाकतो नवा.” आणि त्यानं मान डोलवली, अगदी रीतीप्रमाणे. त्याला किती कळलं हे त्यानं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. दुपारपर्यंत त्यानं चेन आणि टेन्शनर बदलून दिला, चौकट बसवून दिली, वरचं काही घेतलं नाही. चालू केली तेव्हा इंजिन स्वच्छ वाजत होतं. मी ते दोनदा ऐकलं, एकदा मामांच्या वाटचं.

परतताना मी चालवत होते, मामा मागे. कडेगावच्या अलीकडे चहाला थांबलो. मामांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत.

“इलाहीला कळलं?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं.

मग ते बोलले. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, उजव्यात थोडं उरलंय. समोरचा माणूस बोलताना दिसला तर निभतं. सांगलीच्या डॉक्टरांनी मशीन दिलंय, ते कपाटात आहे. गॅरेजात ते लावून बसलं तर पहिलं गिऱ्हाईक आत येणार नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मामी पडद्याआडून ऐकतात आणि बोटानं खूण करतात, वर खळखळ, खाली घरघर. पस्तीस वर्षं त्या आवाजांशेजारीच स्वयंपाक केल्यामुळे मामींना आता निम्मे दोष कळतात. हे सांगताना ते थोडेसे हसले.

“मला का नाही सांगितलंत?” मी म्हटलं. ते त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी बशी तोंडाला लावली.

महिन्याभराचा माझा राग कुठं ठेवायचा ते मला कळत नव्हतं. तो गेला नव्हता. एका शब्दानं सांगितलं असतं तर मी तीन आठवड्यांपूर्वीच डोंगरावर गेले असते, मधल्या एका गायीचा माज चुकला नसता, त्या घरची म्हातारी मला दारातून परत जा म्हणाली नसती. आणि हे सगळं माझ्या पोटात असताना समोर हा माणूस बशीतला चहा फुंकून पीत होता, ज्यानं मला ऐकायला शिकवलं. मी पैसे दिले आणि गाडी काढली.

विटा आठ-दहा किलोमीटर राहिलं असेल. मागून मामांनी खांद्यावर बोट टोचलं.

“जयमाला, एक विचारू? खरं सांग.” वाऱ्यामुळे ते ओरडत होते. “ती मिरजंची. करडी. ती चांगली हुती का गं?”

त्याच दिवशी सकाळी साडेसातला, कराडच्या एसटीची वाट बघत असताना, ती माझ्या समोरून गेली होती. प्राध्यापकांनी तिच्यावर मागे बायकोला आणि पुढे पिशव्या घेतल्या होत्या आणि ती चढावरसुद्धा अलगद सरकत होती.

मागे बसलेल्या माणसाला माझा चेहरा दिसत नव्हता, तेवढी एक सोय होती.

“नव्हती,” मी म्हणाले.

“आँ?”

मी गाडीचा वेग कमी केला, हेल्मेटची काच वर केली, मान मागं वळवली आणि शेतात भांगलणाऱ्या बायका उठून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडले, “नव्हती, मामा. तिन्ही गाड्या खराब होत्या. एकही धड नव्हती.”

 मामांचा हात माझ्या पाठीवर पडला, चांगला जोरात.

“मग म्हैनाभर माझ्यासंगं भांडत का हुतीस?” ते म्हणाले.